पहिल्या रांगेतलं पोतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते तिथल्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि लोह्याहून मला सोबत घेऊन गेले. त्यांच्या खोलीत राहून मी बी.ए. झालो. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सकाळी रेडिओवर नाट्यपद लागलं की मामांचा दाढीचा हात थांबायचा आणि साबण गालावरच वाळायचा. माझी पहिली कादंबरी अशाच, संगीत नाटकाच्या वेडानं एकमेकांना धरून राहिलेल्या माणसांची आहे.

त्यातलं एक प्रकरण मामांचं आहे. दुष्काळाच्या साली आमच्या गावात, दिवसा खडी फोडणाऱ्या पोरांनी संध्याकाळी तालमी करून संगीत नाटक बसवलं. बायका नाटकात काम करत नसत. गोड गळा मामांचा, म्हणून नायिका मामाच. प्रयोगाच्या सकाळी ते मिशी उतरवून घरी आले. आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर.

आजोबा ओसरीवरच होते. "म्या जित्ता हाय अजून! कुणाचं सुतक धरलंस रं?"

"बा, बाईचं काम हाय. बाईला मिशी अस्ती का?"

"मग बाईच हो अन् चुलीपाशी बस. मला तोंड दावू नको."

"बरं. पर नाटकाला तरी या."

आजोबा उठून शेताकडं गेले.

तरी मामांनी पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी पोतं अंथरलं. खडीवरची पोरं ओरडत होती, "वैनी, पदर सावरा!" गर्दी एवढी, की लोक झाडावर चढले, पण त्या पोत्यावर कुणी बसलं नाही. एका पदाला वन्स मोअर मिळाला. दुसऱ्यांदा मामा त्या रिकाम्या पोत्याकडं बघून गायले. मी आईशेजारी बसलो होतो. आई रडत होती.

पुढं आजोबा गेले. न्हाव्यासमोरून उठताना मामा एवढंच म्हणाले, "आता खरी उतरली." त्यानंतर त्यांनी नाटकात काम केलं नाही.

कादंबरी छापायला द्यायच्या आधी मी नांदेडहून त्यांना हे पत्र पाठवलं:

"मामा, पाया पडतो. तुमच्यावरचं प्रकरण सोबत आहे. आजोबा त्या दिवशी आले नव्हते, हे मला माहीत आहे. पण लिहिताना ती जागा रिकामी ठेवायला माझा हात धजला नाही. माझ्या कादंबरीत ते उशिरा येतात, काही न बोलता बसतात आणि शेवटपर्यंत उठत नाहीत. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की जुनी जखम दुखेल, मला कळत नाही. बाप तुमचा आहे, निकाल तुम्हीच द्या. नको म्हणालात तर मी त्यांना उठवीन. तोवर कादंबरी माझ्याकडेच आहे. तुमचा भाचा."