मार्थाच्या रूथसाठी मागितलेलं

हे मी पाळकांना सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मग तुम्हालाच का? थकले म्हणून — दुसरं काही कारण नाही.

आमच्या अकोल्याच्या मंडळीत माझ्या प्रार्थनेचं फार कौतुक. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, कुणाचं आजारपण असो — "बाई, तुम्हीच प्रार्थना करा." मी डोळे मिटले की शब्द येत जातात, बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. म्हणतात, हिच्यावर प्रभूची कृपा आहे. कृपा कसली — जिभेला वळण आहे, झालं.

मार्था माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या मुलीचं, रूथचं, लग्न अमरावतीच्या एका घरी ठरलं होतं. त्याच घरानं आधी माझ्या मुलीला बघून नकार कळवला होता — हे लपवून कसं चालेल? एकदा मेथी निवडता निवडता मार्था म्हणाली, रूथला लहानपणापासून फिट येते, गोळ्या चालू आहेत. "पोरगी सोताच सांगणार हाये नवऱ्या पोराले. तू फक्त तिले प्रार्थनेत ठेव."

प्रार्थनेत ठेव — आम्ही सगळे असंच म्हणतो. म्हणजे देवाला सांग, आणखी कुणाला नको.

त्याच आठवड्यात मार्थाच्या घरी प्रार्थनासभा होती. नवऱ्या मुलाची आत्या अमरावतीहून मुद्दाम आली होती. मला प्रार्थना करायला सांगितलं. मी नेहमीसारखी सुरुवात केली — पाऊसपाणी, आजारी माणसं, परगावची लेकरं — आणि मग आवाज हळवा करून म्हणाले, हे प्रभू, आमच्या रूथला फिटच्या आजारातून सोडव.

चुकून निघालं का? नाही. घरून निघतानाच वाक्य ठरलं होतं. चालू प्रार्थनेत कुणी कुणाला अडवत नाही, हे मला ठाऊक होतं. मी डोळे किलकिले करून आत्याकडे पाहिलंसुद्धा. देवाकडे माझं लक्षच नव्हतं — होतं तरी कधी? शेवटी आमेन म्हणाले. सगळ्या म्हणाल्या. मार्थासुद्धा.

सोयरीक मोडली. बाकीच्यांना वाटलं, बिचारीच्या तोंडून मायेपोटी निघून गेलं — मीही तसं वाटू दिलं. मार्था त्यावर कधी अक्षर बोलली नाही. रूथ आता शाळेत शिकवते, लग्न झालं नाही. रस्त्यात भेटली तर मावशी म्हणते, थांबत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मार्था दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी गेले तेव्हा खोलीत आम्ही दोघीच. सवयीनं तिच्या कपाळावर हात ठेवला, तोंड उघडलं. डोळे न उघडताच ती म्हणाली, "माह्यासाठी प्रार्थना करशीन, त मनातल्या मनात कर."

मी डोळे मिटले. ऐकायला कुणी नव्हतं — ज्यानं ऐकायचं तो सोडून. मला एक शब्द सुचला नाही.

तिला झोप लागल्यावर मी हात काढला. बाहेर रूथ डबा घेऊन उभी होती. तिला सांगितलं, प्रार्थना केली.