कोटमामांची फॉर्मल नाईट

मे महिन्यात वर्ध्याच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. ज्याला निघणं भागच आहे, तो डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो आणि सावली धरून चालतो. अशा दुपारी बोरगाव मेघेच्या वळणावरून एक निळा कोट भर उन्हातून सावकाश येताना दिसला, की समजावं, आमचे मामा येत आहेत. कोटाचं बटण लावलेलं, गळ्यात टाय, पायात पॉलिश केलेले बूट. कांदा त्यांच्याही खिशात असायचा, पण आतल्या.

मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "मामा, गरम नाही होत?"

"होते ना बे! काऊन नाई होणार? मी काय बर्फाचा हावो?" मामा म्हणाले. "पण कोट हा समोरच्यानं पाहाचा असते. अंदर काय चालू हाय, ते आपलं आपल्यापाशी."

त्यांचं खरं नाव लग्नपत्रिकेपुरतं होतं. एरवी सगळ्या बोरगावचे ते कोटमामा. पाटबंधारे खात्यात बाबू म्हणून लागले आणि बाबू म्हणूनच निवृत्त झाले. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती कोट शिवण्याची. घरात पुढच्या खोलीत, दारातून शिरताच समोर दिसेल असा एक मोठा फोटो होता. आमच्या लोकांत तो प्रत्येक घरी असतो. त्या फोटोतही निळा कोट आहे. मामांनी तो फोटो भिंतीवरून उतरवून, पेपरात गुंडाळून शिंप्याकडे नेला होता आणि "कॉलर अशी पाहिजे," म्हणून बोट ठेवून दाखवली होती. पुढे कोट विटला की नवा यायचा, पण रंग तोच आणि कॉलरही तीच. आम्हा भाच्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं की मामांचा कोट एकच आहे आणि तो मरत नाही.

मामांचा नियम एकच होता. चारचौघांत कोट काढायचा नाही. घरी पोचले, चपला-बुटांच्या जागी बूट ठेवले, मग खुंटीपाशी उभं राहून काढायचा. त्याआधी जग इकडचं तिकडे झालं तरी नाही. माझं लग्न कारंजाला, घाडग्यांच्या कारंजाला, भर उन्हाळ्यात लागलं. मांडवातले पंखे बंद पडले. वऱ्हाडी मंडळी पत्रावळींनी वारा घेत होती. माझ्या सासऱ्यांना मामांची दया आली. ते म्हणाले, "मामाजी, काढून ठेवा कोट, आपलंच घर हाय." मामा म्हणाले, "राहू द्या." सासऱ्यांनी पुन्हा आग्रह केला. मामांनी पुन्हा "राहू द्या" म्हटलं, आता जरा कोरडं. झालं! नवऱ्याचा मामा रुसला, अशी मांडवभर बोंब झाली. सासूबाई सरबत घेऊन धावल्या, कुणी नारळ आणला, कुणी पाया पडलं. मामांनी सरबत घेतलं, नारळ घेतला, आशीर्वाद दिले, पण कोट काढला नाही.

या नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही ब्रशनं कोट झाडता झाडता. मामांचे वडील अल्लीपूरचे. गावातल्या एका मोठ्या घरासमोरून जाताना ते अंगातली बंडी काढून काखेत धरायचे आणि ते घर मागे पडलं की पुन्हा घालायचे. मामा लहान होते, बापाचं बोट धरून चालायचे. "मी इचारलं, बाबा, तुमाले गरमी होऊन राह्यली का? तर बाबा हो म्हणे," मामा म्हणाले. "लय वर्षांनी समजलं मले. गरमी नोयती ते." मग त्यांनी कोट उजेडात धरून पाहिला आणि मला दुकानातून डांबरगोळ्या आणायला पिटाळलं. मी वाटेत रडलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

दुसरी सवय जेवणाची. बोलावल्याशिवाय मामा पंगतीला बसत नसत. पत्रिका आली, आपण मांडवात पोचलो, याला ते बोलावणं मानत नसत. यजमानानं जवळ येऊन "चला जेवायला" म्हटलं पाहिजे. तोवर ते मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसणार. आजकाल जेवण उभ्यानं असतं, ताटली उचलली की झालं, हे त्यांना पटत नसे. "ताटली उचलाले काय, कोणीबी उचलन," म्हणायचे. "पाव्हण्याले कोणी या म्हटलं पाह्यजे का नाई?" मामी बिचारी कितीदा तरी त्यांच्यापायी गार भजी खाऊन परतली असेल.

तर अशा या मामांना त्यांच्या मुलीनं, सुषमानं, बोटीवर न्यायचं ठरवलं. सुषमा पुण्याला मोठ्या नोकरीत आहे. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. ऐनवेळी जावयाला सुट्टी मिळेना, म्हणून त्याच्या जागी माझी वर्णी लागली. काही दिवसांनी सुषमानं घरच्या ग्रुपवर बोटवाल्यांची सूचना टाकली. एका संध्याकाळी फॉर्मल नाईट असेल. पुरुषांनी सूट, निदान कोट आणि टाय घालून यावं. अर्धी चड्डी, बनियन आणि रबरी चपला घालून जेवणाच्या हॉलमध्ये प्रवेश मिळणार नाही.

मामांनी ती सूचना अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. शेजारपाजारचे गोळा झाले तेव्हा तिसऱ्यांदा.

"पाह्य भाचे," ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. "जिंदगीभर लोकं मले इचारत आले, कोट काऊन घातला. हे पह्यले लोकं भेटले, जे म्हणून राह्यले का कोट घातल्याबिगर येऊ नोका."

मग अंगणातच, पुरुषानं बोटीवर काय घालावं, यावर परिषद भरली. समोरचे किराणावाले शेठ म्हणाले, शेरवानी. एक निवृत्त तलाठी म्हणाले, सफारी. त्यांच्याकडे तीच होती. कुणी जोधपुरी म्हटलं, कुणी जाकीट. एकानं विचारलं, "पण बोट बुडाली तर कोटात पोहता येते का?" मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "कोट."

सुषमाचा फोन आला. तिचं म्हणणं होतं, बाबांसाठी काळा टक्सीडो भाड्यानं घेऊ.

"सगळे काळ्यातच असतात बाबा तिथे."

"असू दे ना. काळ्यात निळा दिसन तरी."

"अहो पण भाड्यानं छान मिळतात."

"दुसऱ्याच्या अंगातला कोट घालून मी जेवाले जाऊ? त्यापेक्षा घरी खिचडी बरी."

विषय संपला. माझ्याकडे कोट नव्हता. जावयाचा आणला, तो माझ्या पोटावर जेमतेम मिटत होता. मामांनी मला रोज संध्याकाळी अंगणात उभं करून शिकवणी दिली. खालचं बटण लावायचं नाही. बसताना वरचंही सोडायचं, उठताना न विसरता लावायचं. मोजा एवढा उंच पाहिजे की पायावर पाय टाकला तरी पोटरी दिसू नये. खिशात कंगवा नको. "आन् मुख्य गोष्ट," ते म्हणायचे, "कोट घातल्यावर कोटाकडे पाहाचं नाई. लोकाईले पाहू देजो."

बोटीवर दिवसा सगळे चड्डीत. पोहण्याच्या तलावाकाठी जग उघडंवाघडं पसरलेलं आणि मधून आमचे मामा, निळा कोट, टाय, हात मागे बांधून फेरी मारताहेत. लोकांना वाटलं, हे बोटीचे कुणी मोठे साहेब. एका बाईंनी त्यांना अडवून खोलीतला नळ गळत असल्याची तक्रार केली. मामांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, खोलीचा नंबर विचारला आणि पाटबंधारे खात्याच्या जुन्या सवयीनं म्हणाले, "पाहून घेतो." बाई समाधानानं गेल्या. मामांनी पुढे खरंच काउंटरवर जाऊन तो नळ सांगितला, हे खात्यात असताना कितपत झालं असेल, देव जाणे.

फॉर्मल नाईटची संध्याकाळ आली. हॉलकडे माणसांची रीघ लागली. बहुतेक काळे कोट होते, काहींच्या गळ्याशी टायऐवजी फुलपाखरू बसलेलं. एकजण लग्नातली शेरवानी घालून आला होता, पण लग्नानंतर तो बराच सुखात राहिला असावा, कारण बटणं लागत नव्हती. एकानं कडक सूटवर खेळायचे पांढरे बूट चढवले होते. मामांनी त्या बुटांकडे पाहून मान फिरवली. मामी पांढऱ्या साडीत होती, निळ्या काठाच्या, खास ठेवणीतल्या. शाल मात्र तिनं खोलीतच ठेवली. म्हणाली, "कोटवाल्याची बायको शाल गुंडाळून गेली, तं बरं दिसते का?"

हॉलच्या दाराशी आलो आणि मामा बाहेरच्या सोफ्यावर बसले.

"बाबा, चला ना आत," सुषमा म्हणाली.

"कोणी बोलावलं?"

सुषमानं कपाळाला हात लावला. "अहो बाबा, तिकीट काढलंय आपण!"

"तिकीट तू काढलं. त्याईनं या म्हटलं का?"

माणसं आत जात राहिली. मामा समोरच्या भिंतीवरचं चित्र पाहत होते, जणू त्यासाठीच वर्ध्याहून आले होते. मामी सवयीनं शेजारी टेकली. सुषमा येरझारा घालत होती. मी जावयाच्या कोटात श्वास धरून उभा. शेवटी दारावरच्या काळ्या कोटातल्या पोक्त माणसाचं लक्ष गेलं. तो जवळ आला, जरा वाकला आणि म्हणाला, "साहब, अंदर चलिए ना. आपके बिना टेबल खाली अच्छा नहीं लग रहा."

मामा उठले. वरचं बटण लावलं. टायची गाठ चाचपली. "चला," म्हणाले, "बोलावलं."

हॉलमध्ये गारठा असा होता, की जणू आमच्याकडची जानेवारीतली पहाट कुणी आत आणून सोडली होती. मामा खुशीत. "पाह्यलं का भाचे, आज पह्यल्यांदा कोटाले काम भेटलं!" सूप आलं. काटे-चमचे आले. मामा ताठ बसून सगळ्या हॉलकडे पाहत होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या सगळ्या काळ्यांत तो निळा खरंच उठून दिसत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला. फोटोवाला टेबलाटेबलानं येत होता. आमच्या टेबलाचा नंबर आला. सुषमानं आईला बाबांच्या जवळ सरकायला सांगितलं आणि तेव्हा मामांचं मामीकडे लक्ष गेलं. तिचे ओठ थरथरत होते. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता आणि हात काखेत धरले होते.

"थंडी वाजून राह्यली?"

"नाई जी," मामी म्हणाली. दात वाजत होते.

"मी शाल आणतो खोलीतून," म्हणत मी उठलो. पण मामांनी उठून कोटाच्या बाहीला हात घातला होता. सुषमाचा चमचा हवेतच राहिला. मी तसाच उभा. भर हॉलमध्ये, शेकडो माणसांत, मामांनी कोट उतरवला, एकदा झटकला आणि मामीच्या खांद्यांवर घातला. कॉलर नीट केली. आत शर्ट होता पांढरा, पण इस्त्री फक्त कॉलरला आणि छातीच्या पट्टीला. बाकी सगळा शर्ट नुसता चुरगळलेला! इतक्या वर्षांचं गुपित असं फुटलं. मामी म्हणाली, "अवं माय! आज तरी पूर्ण शर्टाले इस्त्री काऊन नाई केली?"

"दिसते कोणाले?" मामा म्हणाले. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला.

सुषमाला राहवलं नाही. "बाबा, तुम्ही कोट काढला."

"हो," मामा सूप पीत म्हणाले. "कोणी काढाले लावला का? मी काढला." मग जरा थांबून म्हणाले, "बाबा असते तर त्याईले आणलं असतं इथं. त्याईलेबी कोट शिवला असता." एवढं बोलून त्यांनी पावाचा तुकडा मोडला.

मामा गेल्या पावसाळ्यात गेले, झोपेतच. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे पांढऱ्या कपड्यांत जमलो. कुणीतरी म्हणालं, मामांच्या अंगात कोट घाला, कोटाशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खुंटीकडे हात केला, तर मामी आडवी आली. "तो त्याईनं मले देला हाये," म्हणाली. मामा पांढऱ्या शर्टात गेले. या वेळी सगळ्या शर्टाला इस्त्री होती, मामीनंच करून दिली.

परवा थंडीत बोरगावला गेलो. भिंतीवरच्या त्या मोठ्या फोटोच्या खाली आता बोटीवरचा फोटो आहे. मामी अंगणात खुर्चीवर बसली होती, साडीवर निळा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिनं मला चहा दिला. गप्पा लांबल्या, ऊन अंगणभर पसरलं, तिच्या कपाळावर घाम आला.

मी म्हणालो, "मामी, ऊन तापलं. आता काढा कोट."

"काऊन काढू?" मामी म्हणाली.