वाटेत टाकलेली पोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. माझं एक व्याख्यान बरंच चालतं. इराणमधून परागंदा झालेला एक उमराव, वाटेत लुटला गेलेला — आणि तरी मोगल दरबारात चढत चढत वजीर झालेला. ओळख करून देताना लोक म्हणतात, विणकराच्या घरातले पहिले पदवीधर, सरांची वाटचालही अशीच. मी मान खाली घालतो. नम्रतेने? नाही.

त्या गोष्टीत एक जागा आहे. दंतकथाच — वाटेत त्याच्या बायकोला मुलगी झाली, आणि जवळ काही उरलं नाही म्हणून दोघांनी ती रस्त्याकडेला ठेवली. तांड्याच्या म्होरक्याने उचलून आणली. पुढे तीच बादशहाची बेगम झाली. ही जागा मी वगळतो. कायम.

गेल्या महिन्यात व्याख्यान आमच्या येवल्यातच होतं. माझी धाकटी बहीण मंगल पैठणीचा माग सोडून ऐकायला आली. संपल्यावर हसत म्हणाली, "दादा, ती टाकलेली पोर राहिलीच की! सुट्टीला आलास की मागाशेजारी बसून तीच तर सांगायचास. लय घाई केलीस आज."

"वेळ कमी होता," मी म्हणालो.

मंगल — कसं सांगू? — माझ्याहून हुशार होती. तिची बारावी झाली तेव्हा मी नाशिकला माझ्या कॉलेजातल्या सरांच्या घरी राहून एम.ए. करत होतो. सरांनी मला मुलासारखं ठेवलं. आज जो आहे तो त्यांच्यामुळे. ती एकदा मला भेटायला आली, सरांशी खूप वेळ बोलत बसली. ती गेल्यावर सर म्हणाले, "हिला इथे आण. मुलींच्या होस्टेलात जागा ठेवायला सांगतो. ही तुझ्याही पुढे जाईल."

पुढे जाईल. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

सरांना मी सांगितलं, घरचे पाठवत नाहीत. घरी वडिलांना, अण्णांना सांगितलं, होस्टेलात जागा नाही. कॉलेजातलं आमच्याकडे दुसऱ्या कुणाला काय कळणार? अण्णा म्हणाले, "तू हायेस तिथं, तुलाच ठाऊक." मंगल मागावर बसली.

आता सर नाहीत, अण्णाही नाहीत. वाटलं होतं, सुटलो. पण ती राखी बांधते, शेजाऱ्यापाजाऱ्यांत माझं कौतुक करते — आणि मी तिथेच बसून ते ऐकतो. उठून जाऊ कुठे?

व्याख्यानाच्या त्या दिवशी तिच्यासोबत तिची मुलगी होती, नुकतीच बारावी झालेली. मंगलने तिला पुढे केलं.

"दादा, हिच्या होस्टेलचं बघ ना. माझ्या टायमाला नव्हती, आता तरी जागा असंल."

मी म्हणालो, "बघतो."

पोर माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.