वंदनाताई आज बोलल्याच नाहीत

मैत्रिणींनो, घाटंजीहून मीटिंग करून आताच घरी आले. अजून अंगावर काटा आहे.

आम्ही उपकेंद्रांवरच्या नर्सबाया. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांपुढे काही मांडायचं असलं की आमच्या संघटनेच्या वंदनाताई बोलतात आणि आम्ही मागून माना हलवतो. वर्षानुवर्षं हेच.

आज लसीकरणाच्या दिवसासाठी गाडी मागायची होती. साहेबांनी सवयीनं ताईंकडे पाहिलं. ताई मात्र रेखाकडे वळल्या. "तू सांग. कोलामांच्या पोडावर तू जाते, मी नाही."

कोलाम आदिवासींचं ते पोड, म्हणजे वस्ती, रेखाच्या उपकेंद्रात येतं. रेखा आमच्यातली सगळ्यात गप्प. ती उठली. "साहेब, परत येताना लसीचा डबा घेऊन मी रोडवर उभी राहतो. भरलेली जीप थांबत नाही. अंधार पडते. मले भेव लागते."

साहेब तिलाच एकेक विचारत गेले, ती सांगत गेली. गाडी मंजूर झाली!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, तुमी काहून नाही बोलल्या?"

"मी आता रिटायर होऊन राह्यली, बाई. तुमचा आवाज काय माझ्यासंगं घरी नेऊ?"

तेव्हापासून मनात एकच आहे. पुढच्या मीटिंगला ताई माझ्याकडे वळल्या तर? आणि तुमच्याकडे वळल्या तर, काय मागाल?