कागदात नसलेली वाट

सोमवार, १२ जानेवारी. ठाण्याची स्मशानभूमी, सकाळी साडेनऊ, दत्तोपंतांचा अंत्यविधी. हजर: दत्तोपंतांचे धाकटे भाऊ, दोन भाचे, कोर्टातले तीन जुने स्नेही, कचेरीतून हेडक्लार्क, शिपाई आणि मी. बायकांनी तिथे जाऊ नये म्हणतात, मी गेले. कळव्याहून नाथा आला होता, अनवाणी. गोऱ्या साहेबांकडून हार आला, साहेब आले नाहीत. याला आता पाच आठवडे झाले.

दत्तोपंत आमच्या विलायती रंगांच्या कंपनीचे वकील, मी त्यांची टायपिस्ट. चांगली चाललेली वकिली सोडून त्यांनी ही पगारी नोकरी धरली तेव्हा मित्र चिडवत, "काय दत्तोपंत, एकच अशील, तोही सातासमुद्रापलीकडचा!" ते म्हणत, "पण तो निदान घरी येऊन रडत नाही रे."

कारखान्यासाठी जमीन घेताना खरेदीखत इंग्रजीत असे. अंगठा घेण्याआधी दत्तोपंत स्वतः विकणाऱ्याच्या ओट्यावर बसून ते सगळं मराठीत वाचून दाखवत. ही त्यांची पद्धत, कंपनीची नव्हे. कंपनी घेत होती त्या नाथाच्या शेतातून विहिरीकडे पायवाट जात होती आणि गावाला गोडं पाणी तेवढंच. वाट खुली राहील असं कलम दत्तोपंतांनी घातलं, लंडनच्या मुख्य कचेरीने ते खोडलं. त्यांनी पुन्हा तार केली... उत्तर येण्याआधी नोंदणीचा दिवस आला.

"वकीलसायेब, वाट कागदान हाय ना?" नाथाने विचारलं.

दत्तोपंतांनी ते कलम वाचून दाखवलं. हातातल्या कागदावर ते नव्हतं. कागद मीच टाईप केला होता. मी शेजारी बसले होते आणि गप्प बसले. नाथाची आई म्हणाली, "उठव रं आंगठा, काय बगतंस?"

परतताना दत्तोपंत म्हणाले, "मंजुरी येईल हो बाई, चार दिवसांचा प्रश्न आहे." आला तो नकार. मग त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटचं उत्तर एका ओळीचं होतं, कारखान्याची भिंत आखल्याप्रमाणे, वाटेवरूनच बांधावी. त्यानंतर त्यांना जेवण जाईना. दिवाळीनंतर अंथरूण धरलं. भेटायला गेले की तेच, "नाथाला मी सांगायला हवं."

"आधी बरे व्हा, मग आपण जाऊ."

"तोवर भिंत थांबणार आहे का?"

नाही थांबली. स्मशानातून निघताना नाथाने मला गाठलं. "बाई, मुकादम ऐकत नाय. पन सायबांनी वाचलेला कागद हाय ना. तुमी काढून द्या, मी दाखवताव त्याला." मी "हो" म्हणाले. 

नक्कल काढून खणात ठेवली आहे. हा लेख नाथा वाचणार नाही. त्याला वाचता येत नाही. दर रविवारी कळव्याला जायचं ठरवते. पाच रविवार गेले. भिंत विहिरीपासून वीस हातांवर आली आहे, आणि त्या कागदात वाट नाही हे नाथाला सांगायचं अजून राहिलं आहे.