शनिवारचा शर्ट

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी फोनवर कुणी सरळ सांगत नाही. ‘सिरीयस आहेत, निघून या’ असं सांगतात आणि ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. त्या सकाळी दिनकरभावजींच्या मुलाचा मिरजेच्या दवाखान्यातून फोन आला. “काकू, बाबा जरा सिरीयस आहेत, निघा तुम्ही.” मी विचारलं, “डॉक्टर काय म्हणतात?” तो म्हणाला, “डॉक्टर... आत्ताच गेले.” मला तेव्हाच संशय आला. पेशंट सिरीयस असताना डॉक्टर जात नाहीत. मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागेपर्यंत मनाशी म्हणत राहिले, माझा संशय या एका वेळी तरी खोटा ठरू दे. तो ठरला नाही. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होतील. माझे धाकटे दीर गेले, आणि ज्यांच्यावर मी आयुष्यात सगळ्यात जास्त संशय घेतला तो माणूस गेला.

संशयाची खोड मला माहेरूनच आहे. मी सांगलीची, लग्न होऊन कराडला आले ती सत्तरच्या आसपास. हे फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, दिनकरभावजी आणि मी. मामंजी हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. दोन्ही पोरं फौजेत जावीत अशी त्यांची इच्छा. पण भरतीच्या वेळी दिनकरभावजींच्या छातीचं माप कमी भरलं आणि त्यांना परत पाठवलं. परत आलेला हा माणूस चार महिन्यांत क्लॅरिनेट शिकायला लागला! गावात एक म्हातारे बँडवाले होते, त्यांच्याकडे जाऊन बसायचे. “फौजेला पुरली न्हाई ती छाती पिपाणी फुकायला बरी पुरती,” असं मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. क्लॅरिनेटला त्यांनी शेवटपर्यंत पिपाणीच म्हटलं.

भावजींना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी लागली, तरी वाजवणं सुटलं नाही. मधू नावाचा एक ॲकॉर्डियनवाला मित्र आणि एक बोंगोवाला, अशी तिघांची पार्टी झाली. त्या काळात दारू प्यायला परवाना लागायचा आणि मोठ्या हॉटेलांतून परमिट रूम निघाल्या होत्या. तिथे शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकांसाठी गाणी वाजवायची. कराडात वाजवायची सोय नव्हती, कारण मामंजींच्या ओळखीचं कुणी ना कुणी तिथे बसलेलं असणार. म्हणून एक शनिवार सातारा आणि एक शनिवार सांगली. मिळायचं ते एसटीत आणि क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पत्त्या घेण्यात जायचं, घरात कुणी त्याची वाट बघत नसे. मामंजींनी अट मात्र घातली होती. “ज्या दिवशी तुझ्या तोंडाला वास येईल, न्हाईतर त्या धंद्यात तुझं मन न्हाई असं मला दिसंल, त्या दिवशी पिपाणी माळ्यावर. मग माझ्यासंगं उसात यायचं.” भावजी कबूल झाले. तेव्हापासून शनिवारी ते घरी आले की आत्याबाई दारातच उभ्या. “हा कर.” पंचवीस वर्षांचा मिशीवाला माणूस आईसमोर आ करून उभा! बडीशेप किंवा वेलदोडा खाऊन यायला त्यांना बंदी होती, कारण सुवासिक तोंड म्हणजे आणखी संशय.

तोंडाला कधीच वास आला नाही. शर्टाला मात्र यायचा. सिगारेटचा धूर, तळलेले मासे, सांडलेलं काहीबाही... रविवारी तो शर्ट मी वेगळा सोड्यात भिजत घालायची. धुताना नाक मुरडायची आणि भावजींना ऐकू जाईल असं म्हणायची, “एवढा धूर आमच्या चुलीला पण होत नाही.” ते हसायचे. “वैनी, तुमी एकट्याच माझ्या कलेची दखल घेता.”

असं दोन-तीन वर्षं चाललं. आणि मग एका रविवारी मी शर्ट उचलला तर त्याला वासच नव्हता. घामाचा होता, एसटीचा होता, धुराचा नव्हता. मी कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, मला धडकी भरली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी कुणाशी बोलले नाही, पण आत्याबाईंच्या नाकातून काय सुटणार? भांडी घासताना त्या हळूच म्हणाल्या, “आगं, दिन्याच्या अंगाला वास येत न्हाई आताशा.”

“मीही बघतेय,” मी म्हटलं.

“कुठंतरी आंघूळ करून येतोय त्यो.”

 सातारला किंवा सांगलीला माझ्या दिराला अंघोळीला ऊन पाणी काढून देणारी बाई कोण असेल, याचा विचार दोघींच्याही डोक्यात एकदमच आला. सासू-सुनेचं असं एकमत आमच्या घरात त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही क्वचितच झालं. आत्याबाई म्हणाल्या, “तू म्हायेरला जायची म्हनत हुतीस न्हवं? या शनवारी जा. बघून ये. ह्यांस्नी काय बोलू नगंस.”

अशी मी हेर म्हणून माहेरी गेले. सांगलीचं ते हॉटेल आमच्या माहेरापासून लांब नव्हतं. घरंदाज बाईनं परमिट रूमच्या पुढच्या दारानं जायचं तर प्रश्नच नव्हता. दिवे लागायच्या वेळी दही आणते म्हणून निघाले आणि मागच्या गल्लीत गेले. आतून ॲकॉर्डियन आणि बोंगो ऐकू येत होते. क्लॅरिनेट नव्हतं. मागच्या दाराशी एक म्हातारा कपबश्या विसळत होता. त्याला विचारलं, “ते कराडचे क्लॅरिनेटवाले आहेत का?” त्यानं मान वर न करताच सांगितलं, “त्यो? त्यो येत न्हाई आता. गाडीतनं उतरतो आन् स्टँडावरच बसतो म्हनं.”

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. स्टँडवर कोण बसतं? स्टँडवर कुणीतरी भेटायला येत असणार. मी दह्याचं भांडं हातात घेऊन तशीच स्टँडवर गेले आणि खांबाआड उभी राहिले. भावजी कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वाजवायला जाताना घालायचा काळा कोट, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. वाजवण्याआधी पत्ती ओली करावी लागते, ती तोंडात धरून बसले होते. मी बराच वेळ थांबले. कुणीही आलं नाही. एक गाडी लागली, सुटली, दुसरी लागली. ते मध्येच उठले, कोट सारखा केला, हॉटेलच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत गेले... आणि परत येऊन बाकावर बसले. मला मग खांबाआड उभं राहणं जमेना.

“भावजी, इथं काय करताय?”

ते दचकले. तोंडातली पत्ती काढून रुमालात ठेवली. मग अगदी साधेपणानं म्हणाले, “घरी यायची येळ व्हायची हाय अजून.”

मला रडू आलं. मी शेजारी बसले. त्यांनी सांगितलं ते असं, की तिथे कुणी ऐकत नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. “आज न्हाई तर पुढच्या शनवारी कुनीतरी मान वर करंल, असं वाटायचं वैनी. मग मालक म्हनला, जरा हळू वाजवा, गिऱ्हाइकाची आर्डर ऐकू येत न्हाई. हळू वाजवलं. मग अजून हळू. मग माझं मलाच ऐकू येईना झालं. एक दिवस इचार आला, वाजवलंच न्हाई तर कळंल का कुनाला? म्हनून ओठाला लावून नुसता हुबा ऱ्हायलो. कुनालाच कळलं न्हाई.” मग म्हणाले, “दर बारीला ठरवून येतो, आज जायाचं. हितं आलं की पायच उचलत न्हाई.”

“मग घरी सांगून टाका. सोडा.”

“आबा पेटी माळ्यावर टाकतील. वाजवायचं मन न्हाई वैनी, पर सोडायचं बी मन न्हाई. तेवढं मधलं कुनाला सांगू?”

 मला एक गोष्ट दिसत होती. हे ‘मधलं’ घरी कळलं तर क्लॅरिनेट कायमचं जाणार आणि मग हा माणूस उसात नुसता चालता-फिरता राहील. म्हणून मी त्यांना शर्टाच्या वासाबद्दल सांगितलं. ते आधी बघत राहिले, मग इतके हसले की बाकावरचा एक गडी उठून लांब गेला.

घरी येऊन आत्याबाईंना मी सांगितलं, “वाजवतात की, मी ऐकलं.” त्यांनी नुसतं “व्हय?” म्हटलं. पुढच्या शनिवारी भावजी आल्यावर त्यांचा शर्ट मी मामंजींच्या खोलीतल्या खुंटीला अडकवला. मामंजी तिथे बसून बिडी ओढायचे. सकाळी शर्ट चांगला धुरकट झाला होता. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. आत्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, हुंगला आणि परत दिला.

“ही आपल्या घरची बिडी हाय. हाटेलात शिगरेटी वढत्यात.”

 चुलीपुढे त्यांनी भावजींना हाक मारली. मामंजी बाहेर सोप्यात होते म्हणून आवाज खाली ठेवून विचारलं, “वाजवाया जात न्हाईस तर जातोस कुठं?” भावजींनी मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. कुणी ऐकत नाही, मान वर करत नाही, मन लागत नाही. आत्याबाईंचे हात भाकरी थापत होते. त्या थांबल्या नाहीत.

“तुझ्या बापानं आजवर माझ्या भाकरीला बरी म्हटलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “समोर बसून खात्यात, आन् बोलत्यात पावसापान्याचं. मी चूल बंद केली व्हय रं?”

 आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, “जा. मन आसू दे न्हाईतर नसू दे. वाजवून ये. ह्यांस्नी मी काय सांगत न्हाई.”

पुढच्या रविवारी शर्टाला धुराचा भपकारा होता, आणि अस्सल सिगारेटचा. त्याच्या पुढच्याही. आत्याबाईंचं समाधान झालं. माझं झालं नाही. सिगारेट ओढणारे स्टँडवर काय कमी असतात? एकदा शर्टाची गोष्ट कळलेला माणूस कुणाच्याही शेजारी जाऊन बसू शकतो. मी त्यांना आडून विचारायची, सरळ विचारायची. “भावजी, खरंच वाजवता ना?” ते म्हणायचे, “वास येतोय न्हवं?” आणि निघून जायचे. परमिट रूममध्ये टेपरेकॉर्डर येईपर्यंत ते जात राहिले. मग ती पार्टी मोडली. भावजींचं लग्न झालं, पुढे ते मुलाकडे सांगलीला राहिले. माझ्या नातवंडांच्या बारशालाही मी त्यांना तोच प्रश्न विचारला आहे. त्यांनी हसून तेच उत्तर दिलं. त्या हसण्यावर माझा कधीही विश्वास बसला नाही. मला वाटायचं, हा भला माणूस आईचं मन राखण्यासाठी वर्षानुवर्षं धूर गोळा करत बाकावर बसला.  कुणाच्या वाट्याला असे शनिवार येऊ नयेत.

दहावा कराडला संगमावर करायचा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिथे मधू ॲकॉर्डियनवाला आला होता. आता काठी टेकत चालतो. विधी आटोपल्यावर तो माझ्याजवळ पायरीवर बसला आणि सांत्वनाचं काही बोलायच्या ऐवजी तक्रारच करायला लागला.

“वैनी, दिन्यानं आमाला लय तरास दिला बगा. मधी म्हैना-दीड म्हैना आलाच न्हाई. आन् परत आल्यावर तर कहर! सांगलीच्या हाटेलात एक भाकरी करनारी बाई हुती. स्वयंपाकघराचं दार उघडं असलं की दिसायची. ह्यो गिऱ्हाइकाकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून हुबा ऱ्हायचा. आन् वाजवायचा तिच्या हाताच्या लयीत! ती घाईत आसली की गानं पळाया लागायचं. पीठ मळाया थांबली की ह्यो बी थांबायचा. मी आन् बोंगोवाला मागनं धापा टाकतोय. मालक वरडायचा, पाठ का करतोस? तर ह्यो म्हनायचा, हितनं मला ऐकू येतंय.”

मी विचारलं, “आणि ती बाई ऐकायची?”

“छ्या! तिनं कवा मान वर केली न्हाई.”

दुसऱ्या कुणी इथे डोळे पुसले असते. माझा स्वभाव आडवा आला. मी विचारलं, “दिसायला कशी होती?”

मधू हसला. “आवं वैनी, म्हातारी हुती. तुमच्या आत्याबाईंच्या वयाची.”

तेव्हा मी पायरीवर बसून रडले. दवाखान्यात रडले नव्हते, घाटावर नेतानाही रडले नव्हते. एवढी वर्षं मी त्या माणसाला बाकावर बसवून ठेवलं होतं आणि तो तिथे नव्हताच.

माझ्या घरात आता भाकरी रोज होत नाही, मुलांना चपाती लागते. माझ्यापुरती एखादी मी थापते. परवा थापताना एकदम वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. मी वळले नाही. हात थांबवून नुसतं ऐकलं, कुणी थांबतंय का. मग पुन्हा थापायला लागले, जरा सावकाश, कुणाला दम लागू नये म्हणून.