हलका स्टँड आणि हरिणीचं पोट

मंडळी, अजून हाताला आतड्यांचा वास येतोय.

यूकेमध्ये धनुष्याने शिकार बेकायदा आहे, म्हणून मी लायसन्सच्या रायफलने हरणं मारतो. पण झाडावर चढायच्या स्टिक्स, म्हणजे बुंध्याला बांधायच्या पायऱ्या, आणि वर टांगायचा स्टँड, म्हणजे बसायचा-उभं राहायचा छोटा माच, परदेशातल्या धनुष्यवाल्यांचाच वापरतो. मला शिकवणारा नितीनदादा म्हणाला होता, "अरे, आवाज न करणारा घे." मी सगळ्यात हलका घेतला.

आज सकाळी स्टँडवर उभं राहून नेम धरताना एका पायावर भार दिला आणि स्टँड करकरला. हरिणी दचकली, गोळी छातीऐवजी पोटात गेली. ती आतडी फरफटत झुडपात शिरली. मी स्टिक्सवरून एकेक पाय ठेवत उतरेपर्यंत ती ओरडतच होती. मग मानेत दुसरी गोळी घातली.

घेताना मी स्टँड वजनकाट्यावर ठेवून बघितला होता. स्टँडवर उभा राहून, करकरतो का ते नाही बघितलं. तुम्ही घेताना बघता?